सकाळचे वर्ग : बाबासाहेबांच्या चरित्रातील एक दुर्लक्षित पर्व

महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह, पुणे करार, भारतीय संविधान आणि नागपूरचा धम्मदीक्षेचा सोहळा ही बाबासाहेबांच्या चरित्रातील पर्वे आपल्या मुलांनाही तोंडपाठ असतात. जयंतीच्या भाषणांत, गावोगावच्या जलशांत आणि भीमगीतांत ती पुन्हा पुन्हा येतात आणि यावीतही. परंतु या मोठ्या घटनांच्या गर्दीत एक पर्व थोडे मागे पडले आहे. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि त्याचे वर्ग सकाळी, कचेऱ्यांची वेळ होण्यापूर्वी भरू लागले. दिवसभर नोकरी करणाऱ्या माणसालाही पदवीपर्यंत शिकता यावे, हा त्यामागील हेतू होता. एका शाळेच्या स्मरणिकेत बाबासाहेबांचे चरित्र सांगायचे, तर ते या सकाळच्या वर्गांच्या बाजूने सांगावे, असे आम्हांस वाटते.

जातिव्यवस्थेने आपल्या पूर्वजांना शाळेच्या दाराबाहेर ठेवले, हे आपण नेहमी सांगतो. पण दार उघडल्यानंतरही एक अडसर उरतो, तो वेळेचा. ज्याच्या घरात उद्याची भाकर आज कमवावी लागते, त्याच्यासाठी दुपारी बारा वाजता उघडे असलेले दार बंद असल्यासारखेच असते. कायद्याने प्रवेश मिळतो, पण हजेरी लावण्यासाठी लागणारे तास कोण देणार? बाबासाहेबांनी हा प्रश्न ओळखला, कारण तो त्यांच्या स्वतःच्या घरात घडून गेला होता.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे सुभेदार रामजी सकपाळ यांचे शेवटचे अपत्य. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे घराण्याचे मूळ गाव. रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यामुळे घरात अक्षर होते, वाचन होते, कबीरपंथाचा संस्कार होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमरावांचे नाव दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या गिरणगावात डबक चाळीतल्या एका खोलीत राहू लागले. त्या खोलीत स्वयंपाक, झोप आणि अभ्यास या तिन्ही गोष्टी एकाच जागी व्हावयाच्या. म्हणून रामजी मुलाला संध्याकाळी लवकर झोपवीत आणि रात्री दोनच्या सुमारास उठवून अभ्यासाला बसवीत. घरात जागा नव्हती, तेव्हा बापाने मुलाला रात्रीचे तास मिळवून दिले.

पेन्शनीच्या तुटपुंज्या उत्पन्नात सर्व मुलांचे शिक्षण पेलणे शक्य नव्हते. थोरले बंधू आनंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली आणि धाकट्याची शाळा चालू राहिली. बाबासाहेबांच्या चरित्रातील ही ओळ आपण घाईघाईने वाचून पुढे जातो. आमच्या मते तेथे थांबावयास हवे. आपल्या समाजातील जवळजवळ प्रत्येक शिकलेल्या माणसाच्या मागे असा एक आनंदराव उभा असतो. कोठे तो थोरला भाऊ असतो, कोठे चौथीतून नाव काढलेली बहीण असते, कोठे हमाली करणारा बाप असतो. एक शिकावा म्हणून दुसऱ्याने थांबावे, हा गरिबाघरचा अलिखित नियमच होता.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराच्या निमित्ताने कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. याच केळूसकरांच्या खटपटीने सयाजीराव गायकवाड महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून भीमराव बी. ए. झाले. शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही ती भाषा त्यांना नाकारली गेली होती, म्हणून त्यांनी फारसी घेतली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या बळावर आत्मसात केले आणि उत्तर आयुष्यात पालीचा व्यासंग करून त्या भाषेच्या कोशाचेही काम हाती घेतले. जी भाषा शाळेने नाकारली, ती प्रौढपणी मिळविता येते, हे त्यांनी स्वतःच्या उदाहरणाने दाखविले.

१९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. १९१५ साली एम. ए. झाल्यावर त्यांनी पुढील प्रबंधाचे काम केले आणि १९१६ साली लंडन गाठून अर्थशास्त्राच्या व कायद्याच्या अभ्यासास प्रारंभ केला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन काम पूर्ण करण्याची सवलत तेवढी दिली होती.

बडोद्याच्या नोकरीत काय घडले, हे सर्वांस ठाऊक आहे. ज्या पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला, तेथून त्यांना हुसकावून लावण्यात आले आणि परदेशी विद्यापीठाच्या पदवीधराला शहरात राहावयास जागा मिळाली नाही. मुंबईस परतल्यावर शिकवण्या करून त्यांनी दिवस काढले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. तेथेही पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी शिवाशिव पाळली, पण इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही त्यांची व्याख्याने ऐकावयास येत. या पगारातून त्यांनी काटकसरीने पैसा साठविला. शाहू महाराजांचे साहाय्य झाले, नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तेव्हा त्यांचे वय २९ वर्षांचे होते, मागे संसार होता, माता रमाई मुंबईत हालअपेष्टा सोशीत घर चालवीत होत्या. १९२१ साली एम. एस्सी., १९२३ साली डी. एस्सी. आणि त्याच सुमारास बॅरिस्टरीची सनद, असे फळ त्या दुसऱ्या फेरीस आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जगातील मोठ्या विद्वानांत ज्यांची गणना होते, ते बाबासाहेब मधल्या तीन वर्षांपुरते शिक्षण तुटलेले विद्यार्थी होते. नोकरी करून, पैसे जमवून, संसाराचा भार वाहत त्यांनी तुटलेला धागा पुन्हा जोडला. वयाची चोविशी उलटली की शिक्षण संपले, ही समजूत त्यांनी मोडीत काढली. परंतु त्यांना ते साधले, कारण परत येण्यासाठी एक दार उघडे ठेवलेले होते. लंडनची ती चार वर्षांची सवलत नसती, तर त्यांचा प्रबंध अपुराच राहिला असता. ही सवलत ज्यांना कोणीच देत नाही, त्यांचे काय?

परतल्यावर २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली. शिक्षणाचा प्रसार आणि त्यासाठी वसतिगृहे काढणे हा सभेच्या उद्देशांतील पहिल्या प्रतीचा भाग होता. १९२५ च्या आरंभी सोलापुरात वसतिगृह सुरू झाले. आपल्यासारख्या निवासी शाळेतून शिकलेल्यांनी हे स्थान आपले मूळ पीठ म्हणून ओळखले पाहिजे. खेड्यातला मुलगा शहरात आला की खोली मिळत नाही, खाणावळीत ताट मिळत नाही, या अडचणीला वसतिगृह हे उत्तर होते. १९२८ साली त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापून हे काम वाढविले. त्याच सुमारास मुंबई विधिमंडळात ते शिक्षणावरील खर्चाचा प्रश्न आकड्यांनिशी मांडीत होते. दारूवरील करातून सरकार जनतेकडून जेवढे घेते, तेवढेही शिक्षणावर परत करीत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. स्वतःच्या चरितार्थासाठी त्या वर्षांत ते वकिली करीत आणि बाटलीबॉय अकाउंटन्सी संस्थेत अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवीत. पुढे शासकीय विधि महाविद्यालयाचे ते प्राध्यापक आणि १९३५ पासून काही काळ प्राचार्यही होते. म्हणजे शिक्षणसंस्था कशी चालते, वेळापत्रक कसे आखले जाते, हे त्यांनी आतून पाहिलेले होते.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले. या पदावरून त्यांनी दोन कामे केली, ज्यांचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. पहिले, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर आणि परदेशी उच्च शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. दुसरे काम कारखान्यांच्या कायद्याचे. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांतील मजुराचा आठवडा ५४ तासांचा होता. १९४६ साली बाबासाहेबांनी मध्यवर्ती कायदेमंडळात दुरुस्ती विधेयक आणले आणि हा आठवडा ४८ तासांवर आला. आठवड्यास ६ तास मजुराच्या हाती परत आले. याच वर्षाच्या जून महिन्यात सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. एका हाताने कामाचे तास कमी केले आणि दुसऱ्या हाताने शिक्षणाचे तास कामाच्या बाहेर नेऊन ठेवले. या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या पाठ करतो. त्या शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे बाबासाहेबांच्या विचारातील एकसूत्रीपणा डोळ्यांत भरतो. कष्टकऱ्याचा वेळ हा त्याचा स्वतःचा असला पाहिजे, हे ते सूत्र होय.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. नाव लोकशिक्षणाचे, दार सर्व जातीधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुले. सिद्धार्थ महाविद्यालयाचा आरंभ मुंबईत लष्करी बराकींत झाला. महायुद्ध नुकतेच संपले होते आणि शहरात जागेची चणचण होती. पहिले प्राचार्य म्हणून संस्कृतचे नामवंत प्राध्यापक अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकर यांना बाबासाहेबांनी बोलाविले. ज्यांना संस्कृत नाकारली गेली, त्यांनीच आपल्या संस्थेच्या प्रमुखपदी संस्कृतचा पंडित नेमावा, यात सूड नव्हता की शरणागतीही नव्हती. शिकविणारा उत्तम असावा, एवढी एकच कसोटी होती. उत्तम प्राध्यापक, भरपूर ग्रंथ आणि सोयीची वेळ या तीन गोष्टींवर त्यांचा कटाक्ष होता. गरिबांचे महाविद्यालय म्हणून त्याचा दर्जा उणा असावा, हे त्यांना मान्य नव्हते. पुढील काळात मधु दंडवते यांच्यासारखे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक तेथे शिकवीत होते, यावरून ती परंपरा ध्यानी येते.

सकाळी वर्ग, मग नोकरी. पोस्टातले, रेल्वेतले, महापालिकेतले, पेढ्यांवरचे कारकून या वेळापत्रकामुळे पदवीधर होऊ शकले. मुंबई बहुभाषी शहर. घरी कोणी मराठी, कोणी गुजराती, कोणी कोकणी, कोणी कानडी, तेलुगू वा उर्दू बोलणारे. फाळणीनंतर सिंधी भाषकांचीही त्यात भर पडली. विद्यापीठाचे शिक्षण मात्र इंग्रजीतून. मातृभाषेच्या शाळेतून आलेल्या प्रौढ विद्यार्थ्याला इंग्रजीचा केवढा धाक वाटतो, हे आम्हां शिक्षकांस सांगावयास नको. बाबासाहेब स्वतः या दोन काठांवर आयुष्यभर वावरले. १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी आपले म्हणणे इंग्रजीत मांडले आणि ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक मराठीत काढला. राज्यकर्त्यांशी त्यांच्या भाषेत आणि आपल्या माणसांशी आपल्या भाषेत, ही रीत त्यांनी अखेरपर्यंत पाळली. महाविद्यालयातील विद्यार्थी संसदेमागेही हीच दृष्टी होती. संसदेच्या धर्तीवर प्रश्न मांडावेत, विधेयके आणावीत, विरोधकाचे ऐकून उत्तर द्यावे, हा सराव त्यातून होई. दिवसभर साहेबासमोर मान खाली घालून उभे राहणारा कारकून सकाळी त्या सभागृहात मान वर करून बोलत असे.

कोणी विचारील, ज्या समाजात अक्षरओळखच नव्हती, त्यांच्यासाठी महाविद्यालय कशाला, आधी प्राथमिक शाळा का नकोत? प्रश्न खरा आहे. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, ती अक्षरापासून सुरू झाली होती. बाबासाहेब जोतीरावांना गुरू मानीत. पण त्यांचा हिशेब असा होता की, प्राथमिक शिक्षण देणे हे सरकारचे कर्तव्य आहे आणि ते त्याच्याकडून करवून घ्यावयाचे असेल, तर जेथे निर्णय होतात तेथे आपली माणसे बसली पाहिजेत. त्या जागा पदवीवाचून मिळत नव्हत्या. तरीही त्यांनी खालच्या पायरीकडे पाठ फिरविली नाही. १९४७ साली सोसायटीने सिद्धार्थ रात्रशाळा सुरू केली. म्हणजे ज्याची शाळाच सुटली होती, त्याने रात्री मॅट्रिक व्हावे आणि सकाळी पदवीचा अभ्यास करावा, अशी सलग वाट तयार झाली.

पुढे फोर्ट भागात संस्थेला स्वतःच्या इमारती मिळाल्या. त्यांस बुद्धभवन आणि आनंदभवन अशी नावे दिली गेली. १९५३ साली वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय आणि १९५६ साली विधि महाविद्यालय निघाले. दरम्यान १९५० साली औरंगाबादेत सोसायटीचे महाविद्यालय उघडले गेले. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. मराठवाड्यातील मूल घरी मराठी बोले, दरबारची आणि उच्च शिक्षणाची भाषा मात्र उर्दू होती, आणि वरच्या शिक्षणासाठी हैदराबादेची वाट धरावी लागे. त्या मागास मुलखात उभे राहिलेले हे महाविद्यालय म्हणजे आजचे मिलिंद महाविद्यालय आणि त्याचा परिसर म्हणजे नागसेनवन. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविली गेली. याच परिसरात पुढे गंगाधर पानतावणे यांच्यासारख्यांनी अध्यापन केले आणि अस्मितादर्शच्या रूपाने दलित साहित्याला हक्काचे व्यासपीठ दिले.

या नावांचा विचार करावा. सिद्धार्थ हे बोधी प्राप्त होण्यापूर्वीचे नाव आहे, शोधास निघालेल्या माणसाचे नाव. मिलिंद हा ग्रीक राजा भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा. आनंदाने बुद्धांपाशी रदबदली केली, म्हणून महाप्रजापती गौतमीसह स्त्रियांना संघाचे दार उघडले. बाबासाहेबांनी आपल्या संस्थांना शोधणाऱ्याचे, विचारणाऱ्याचे आणि दुसऱ्यासाठी दार उघडावयास सांगणाऱ्याचे नाव दिले. धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली, पण त्याआधी दहा वर्षे त्यांच्या संस्थेच्या पाटीवर बुद्धाचे नाव लिहिले गेले होते. महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली बुद्ध आणि त्यांचा धम्म हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, तोही सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनातून. ज्या ग्रंथांसाठी त्यांनी राजगृह बांधले होते, त्यांपैकी मोठा संग्रह त्यांनी याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयास दिला. आपले सर्वांत प्रिय धन त्यांनी सकाळी सकाळी वर्गाला येणाऱ्या नोकरदारांच्या हाती सोपविले.

या चरित्रातून आम्ही या स्मरणिकेच्या वाचकांपुढे काय ठेवावे? आपल्या शाळेने शेकडो मुलांना वसतिगृह दिले, ताट दिले, पुस्तक दिले. आज हे विद्यार्थी डॉक्टर, अभियंते, शिक्षक, अधिकारी आहेत, याचा अभिमान सर्वांस आहे. पण त्यांना येथे पोहोचवून जे घरी थांबले, त्यांची नोंद कोणत्याही हजेरीपटात नाही. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर अडखळत सही करणारी माय, दहावीस बसता बसता राहिलेली बहीण, आपल्याच शाळेच्या स्वयंपाकघरात आणि फाटकावर राबणारी माणसे, हे सर्व आपले आनंदराव आहेत. त्यांच्यासाठी आज मार्ग नाहीत, असे नाही. १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने घरी राहून पदवी घेण्याची सोय केली आहे. पण अर्ज कोठे करावा, पुस्तक कसे वाचावे, विसरलेले गणित कोणी समजवावे, यासाठी जवळ बसणारा माणूस लागतो. वर्षानुवर्षे शिक्षणापासून तुटलेल्या प्रौढाची लाज आणि भीती केवळ टपालाने आलेल्या पुस्तकाने जात नाही.

आमची सूचना साधी आहे. शाळेच्या वर्गखोल्या सकाळी लवकर, रात्री आणि रविवारी रिकाम्या असतात. माजी विद्यार्थ्यांत शिकविण्याची पात्रता असलेले पुष्कळ आहेत. प्रत्येकाने महिन्यातून दोन रविवार दिले, तरी दहावीची परीक्षा बाहेरून देऊ इच्छिणाऱ्या पालकांचा एक वर्ग उभा राहू शकतो. वर्गाची वेळ शिक्षकांच्या सोयीने ठरवू नये, ती शिकणाऱ्याच्या कामाच्या पाळीकडे पाहून ठरवावी. बाबासाहेबांच्या वेळापत्रकाचा धडा हाच आहे. इमारत नसेल तर बराक चालते, पण वेळ चुकली तर उत्तम इमारतही कामाची नाही.

पुतळ्यास हार घालणे एका दिवसाचे काम आहे. सकाळचा वर्ग मात्र रोज उघडावा लागतो. ज्याने मध्येच पाटी खाली ठेवली, त्याला ती पुन्हा उचलता यावी, यासाठी तो उघडा राहिला पाहिजे. शाळेच्या या गौरववर्षात असा एक वर्ग आपण सुरू करू शकलो, आणि त्या वर्गाच्या पहिल्या हजेरीपटात एखाद्या विद्यार्थ्याच्या आईचे नाव लिहिले गेले, तर बाबासाहेबांच्या त्या बराकींतील महाविद्यालयाशी आपले नाते खऱ्या अर्थाने जुळले, असे म्हणता येईल.

जय भीम. नमो बुद्धाय.